सातबाऱ्याचा डिसेंबर

(दृश्य: गोदामाबाहेर कापसाच्या गाड्या. आत टेबलावर लॅपटॉप, शेजारी कागदांचा गठ्ठा.)

"माह्या सातबाऱ्याचा डिसेंबर काउन केला वं पोरी?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं हे गोदाम. काटा सकाळपासून चालू आहे. म्हातारे कास्तकार चष्मा कपाळावर सारून पडद्यात वाकलेत, आणि ऑपरेटर पोरगी ओशाळलीय. खरं तर तिनं काहीच केलेलं नाही. कागदपत्रांच्या रकान्यात ७/१२ लिहिलं आणि एंटर दाबलं. एक्सेलनं तिथं ७ डिसेंबर मांडून ठेवला.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. एकात जमीन कोणाची ते, दुसऱ्यात पीक कोणतं ते. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एक्सेलला नाही.

(दृश्य: रिकामी चौकट, लुकलुकणारा कर्सर.)

तुम्ही टाइप करत असता तोवर चौकटीत नुसती अक्षरं असतात. निकाल लागतो एंटर दाबल्यावर. चौकटीला आधीच 'टेक्स्ट' असं रूप दिलेलं असेल, तर पुढची चौकशीच होत नाही. दिलं तसं ठेवलं जातं, मग ते सूत्र, म्हणजे हिशोबाचा फॉर्म्युला, का असेना. तसं रूप नसेल, तर एक्सेल पहिलं चिन्ह बघतं. ते बरोबरचं असेल, म्हणजे =, तर हे सूत्र. अधिक, उणे किंवा @ असेल, तरी त्याला सूत्राचाच वास येतो.

आता आपल्याकडची वही उघडा. यादी करताना प्रत्येक ओळीआधी आपण छोटी आडवी रेघ मारतो: -तूर, -सोयाबीन, -पऱ्हाटी. दर लिहायचा तर @ ७५२१. बेरीज झाली की खाली लांब रेघ. तीच सवय घेऊन माणूस लॅपटॉपसमोर बसतो. -तूर लिहिलं की चौकटीत उमटतं '#नेम?'. म्हणजे तूर नावाचं काही शीटमध्ये सापडत नाही, मग तिला उणे कसं करू? बेरजेखालची ----- तर आतच घेत नाही. पडद्यावर सूचना काढून विचारतं, तुम्हाला सूत्र लिहायचं नव्हतं का? रेघ मारणाऱ्या मुनीमजींनी यावर काय म्हणावं!

(दृश्य: जुना हिरवट पडदा, आकड्यांचे रकाने.)

या हट्टाचं मूळ १९७९ सालात आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल टू संगणकासाठी व्हिजिकॅल्क हे एक्सेलसारखंच रकान्यांचं सॉफ्टवेअर बनवलं. त्यात पहिली कळ दाबताच निकाल लागायचा. अक्षर आलं तर ते नाव, आकडा किंवा अधिकचं चिन्ह आलं तर हिशोब. पण ए१+ए२ ही दोन चौकटींची बेरीजही अक्षरानंच सुरू होते! ती नाव समजली जाऊ नये म्हणून लोक आधी एक फुकटचा + लावू लागले. १९८३ मध्ये त्याच जातीचं लोटस १-२-३ आलं. त्यानं + ठेवला आणि बेरजेसारख्या फंक्शनच्या नावाआधी @ ठेवला. १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल आलं, ते = घेऊन. पण लोटसवाल्यांच्या बोटांना लागलेलं वळण मोडायचं कसं? म्हणून जुनी चिन्हंही चालू राहिली. कोण कुठले लोटसवाले, आणि त्यांच्यासाठी ठेवलेला @ आज आमच्या कापसाच्या दराला आडवा येतो.

सातबाऱ्याचं दुखणं मात्र वेगळं. तिथं पहिलं चिन्ह ७ आहे, म्हणजे सूत्राचा संशय नाही. मग एक्सेल अख्खा मजकूर चाचपतं. हा आकडा आहे का, तारीख आहे का? आपल्याकडच्या मांडणीत आधी दिवस, मग महिना. ७/१२ त्यात फिट्ट बसतं. गट नंबर ३/२ लिहिला की ३ फेब्रुवारी. ११८/२ मात्र सुखरूप, कारण ११८ तारीख कोणत्याच महिन्याला नसते. म्हणून एकाच रकान्यात निम्मी वावरं तारखा होतात आणि निम्मी वावरंच राहतात.

मागून रूप बदलूनही उपयोग नाही. आत तारीख आकडा म्हणून साठवलेली असते, १ जानेवारी १९०० म्हणजे १ असं मोजत. ७ डिसेंबर २०२५ झालेला सातबारा टेक्स्ट केला की दिसतो ४५९९८. मूळचं ७/१२ केव्हाच गेलं.

चुकाऱ्याच्या, म्हणजे कास्तकारांना पैसे द्यायच्या यादीत असाच दुसरा बदल अंगाशी येतो. एक्सेल आकड्याची पंधराच स्थानं सांभाळतं. सोळा आकडी खाते क्रमांक लिहिला की शेवटच्या आकड्याचं शून्य होतं, आणि ते सहज नजरेत भरत नाही. मी तरी या रकान्यावर सगळ्यात आधी बोट ठेवीन.

(दृश्य: प्रयोगशाळा, पडद्यावर जनुकांची यादी.)

शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. 'मार्च१' नावाच्या जनुकाची १ मार्च व्हायची. २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं 'मार्च' आणि 'सेप्ट' घराण्यांची नावंच बदलली. सातबाऱ्याचं नाव कोण बदलणार? २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं असे आपोआप होणारे बदल थांबवायची सोय दिली. सुरुवातीचं शून्य, लांबलचक आकडे, अक्षर-आकडा जोडून लिहिलेली नावं तिच्यात आली. तिरकी रेघ नाही.

(दृश्य: कळफलकावर पोरीचं बोट.)

गोदामातल्या पोरीला उपाय सापडलाय. आधी एकेरी अवतरणचिन्ह, मग ७/१२. हे चिन्ह चौकटीत दिसत नाही, फक्त सांगतं, याला हात लावू नको. तेही लोटसचंच. अडचण एवढीच, की मराठी लिहायच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्या कळीवर 'ट' बसलाय. मराठीतून इंग्रजीवर यायचं विसरलं की सातबाऱ्याआधी ट लागतो.

ती रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारते आणि अख्खा रकानाच टेक्स्ट करते. आधीचे सगळे डिसेंबर पुसते. कागदांचा गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून काढते.

"सांगा काका, गट नंबर?"

"तीन बटा दोन."