कोणाकडे जायचंय?

श्रोतेहो, नमस्कार. मी लालबागची, हे कळलं की अजूनही कुणी ना कुणी विचारतं, "तिकडे गँगवाले होते ना?" होते. गवळी टोळीची दगडी चाळ तर रोज पेपरात झळकायची. चाळीच्या संस्कृतीनेच गुंड घडवले, असंही लोक म्हणतात. पण त्याआधीचं गिरणगाव, म्हणजे कापडगिरण्यांचा आमचा भाग, कसं होतं, हे कुणी विचारत नाही.

दहा बाय बाराची खोली आणि तीन पाळ्यांचे गडी. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी गुंडाळायची. खाली खानावळ, मागे व्यायामशाळा, कबड्डीचं मैदान, रात्री भजन नाहीतर शाहिराचा डफ. जिन्यावर नवखा माणूस दिसला, की गॅलरीत तांदूळ निवडणारी आजी हटकायचीच, "कोणाकडे जायचंय रे बाबा?" त्या प्रश्नाचा धाक हवालदारापेक्षा मोठा होता.

१८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार बंद. आधी बांगड्या गेल्या, मग तांब्यापितळेची भांडी. कुणी गावाला परतलं, बायका पोळ्या लाटायला जाऊ लागल्या, पोरं शाळा सोडून नाक्यावर उभी राहिली. त्यांचे दंड त्याच व्यायामशाळेत कमावलेले. संध्याकाळी रोख पैसे हातावर ठेवणारा 'भाई' तेवढा त्यांना विचारत होता. चाळीच्या संस्कृतीला दोष देणाऱ्यांनी आधी या विझलेल्या चुली मोजाव्यात.

पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनीला सोन्याचा भाव आला आणि गोळ्या तिच्यासाठीही चालल्या. १९९४मध्ये खटाव मिलचे सुनीत खटाव भररस्त्यात मारले गेले. त्या खुनाचा धागा गिरणीच्या जमिनीपर्यंत गेला. गिरण्यांच्या जमिनीत मैदानांचा आणि म्हाडाच्या घरांचा वाटा ठेवणारा १९९१चा नियम २००१मध्ये बदलला, तो वाटा फक्त मोकळ्या जागेपुरता उरला. फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, चिमणी तेवढी शोभेला राहिली.

टॉवर आले म्हणून वस्ती सुधारली, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. टोळ्या पोलिसांनी मोडल्या. टॉवरांनी मोडली ती गॅलरी.

गेल्या गणपतीत माझा भाचा मंडळाचं पावतीपुस्तक घेऊन एका टॉवरच्या गेटवर गेला होता. तिथे गिरणी होती तेव्हा त्याच आवारात त्याचे आजोबा साचे, म्हणजे माग, चालवायचे. वॉचमनने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "किसके पास जाना है?"