‘इतर’च्या रकान्यात काय लिहायचं?

नमस्कार श्रोतेहो.

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या मराठवाड्यात पहिला प्रश्न एकच असतो, ‘किती पडले?’ लातूर पॅटर्नचा हा मुलूख. मार्कांसाठी इथली लेकरं रात्री जागवतात, मायबाप दागिना मोडतात. मी स्वतः ३२ वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे मार्कांचं मोल मी कमी लेखणार नाही. पण निवृत्तीनंतर पोरापोरींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला बसू लागलो आणि एक गोष्ट सारखी जिवाला लागत राहिली. टक्केवारीचा रकाना पोरं मिनिटात भरतात. त्याच्याखाली ‘इतर उपक्रम, स्वतःविषयी लिहा’ असं आलं, की पेन थांबतो.

आधी एक फरक सांगतो. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्ती योजना प्रवर्ग, उत्पन्न, अभ्यासक्रम आणि कागदपत्रांवर चालतात. तिथं तुमच्या लेकराचा स्वभाव कुणी विचारत नाही. पण दुसऱ्या वाटा आहेत. दहावीनंतरच्या ‘विद्याधन’ शिष्यवृत्तीसाठी परीक्षा आणि मुलाखत होते. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात प्रवेश परीक्षेनंतर मुलाखत असते, सोनीपतच्या अशोका विद्यापीठात निबंध आणि मुलाखत असते, आणि फीची सवलत दोन्हीकडे घरची परिस्थिती पाहून ठरते. अशा ठिकाणी नव्वदच्या पुढची पोरं रांगेनं बसलेली असतात. त्यांच्यातून निवडताना समोरचा माणूस मार्कांच्या पलीकडचं काहीतरी शोधत असतो, आणि नेमकं तेच आपली पोरं सांगत नाहीत.

बीड जिल्ह्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. आईबाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळी निघायची, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायची. ही आजीजवळ गावात राहायची. माझ्यासमोर अर्ज घेऊन बसली तेव्हा तिनं ‘छंद’ समोर ‘वाचन, गायन’ लिहिलं होतं आणि ‘इतर उपक्रम’ समोर ‘काही नाही’. मी विचारलं, ‘बाई, शाळेतून घरी गेल्यावर काय करतेस?’ म्हणाली, ‘काही नाही सर. सैपाक, आजीचं औषधपाणी, अन् वही.’

‘कसली वही?’

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. दोनशे पानी, कडा झिजलेल्या, वरच्या पानावर तेलाचा डाग. टोळीतल्या आठ कोयत्यांचा हिशेब. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, ते शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. एकेका जोडीला एक पान, वर घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, खाली तारीख, खेप, टन. आई ऊस वजन करणाऱ्या काट्याच्या पावत्यांचे फोटो मोबाइलवर पाठवायची आणि ही रात्री ते वहीत उतरवायची. टोळीत नीट लिहितावाचता येणारं कुणी नव्हतं, म्हणून हे काम नववीत असताना तिच्याकडे आलेलं. एका पानावर तांबड्या पेनानं गोल केला होता. ते काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘त्या दोन खेपा हिशेबात धरल्याच नव्हत्या. मग मीच मुकादमाला फोन लावला. म्हणलं, मामा, सतरा तारखेच्या दोन पावत्या राहिल्यात.’ मुकादमानं, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदारानं, पावत्या मागवल्या, पाहिल्या, आणि पैसे धरले.

श्रोतेहो, पंधरा वर्षांची पोर! आठ घरांचा घामाचा पैसा तिच्या अक्षरावर चाललेला. चोखपणा, जबाबदारी, मोठ्या माणसाशी अदबीनं पण ठाम बोलणं, सगळं त्या एका लाल गोलात होतं. आणि ती लिहीत होती, ‘काही नाही’.

हे असं का होतं? घरचं काम म्हणजे काम नव्हे, अशी समजूत आपणच त्यांच्या मनात रुजवली आहे. वक्तृत्वात ढाल मिळाली तर तो गुण. आणि पाण्याची मोटार जळाली तेव्हा स्वतः खोलून गुंडाळलेली, टँकर आल्यावर गल्लीत भांडण होऊ नये म्हणून नंबराच्या चिठ्ठ्या वाटलेल्या, ते मात्र ‘करावंच लागतं’. जे करावं लागलं तेच आधी लिहा, असं माझं पोरांना सांगणं असतं.

पण लिहायचं पोरांनीच. इथं माझी एक चूक सांगितली पाहिजे. सुरुवातीला एका मुलाचा निबंध मीच लिहून दिला. भाषा छान, वृक्षारोपणाची आवड वगैरे. मुलाखतीत त्याला साधा प्रश्न आला, ‘कोणती झाडं लावली? त्यातली आज किती जगलीत?’ पोरगं गप्प झालं. वास्तविक तो पहाटे चारला उठून दूध संकलन केंद्रावर दुधाचं फॅट मोजायचं काम करायचा. त्यावर अर्धा तास बोलला असता. त्याच्या तोंडचे शब्द मी काढून घेतले होते. ती जागा गेली, आणि ते मला आजही सलतं. तेव्हापासून मी फक्त प्रश्न विचारतो. किती वाजता? कोणासोबत? मग काय झालं? उत्तरं त्यांनी मराठीत, घरी बोलतात तशी लिहायची. इंग्रजी मागाहून करता येतं.

नेमकेपणा तेवढा हवा. ‘समाजसेवेची आवड’ म्हणजे काहीच नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास भरावे लागतात. त्या तासांत हातानं काय केलं, सात दिवसांच्या शिबिरात कुठल्या गावात काय बांधलं, ते लिहा.

आता माझ्या शिक्षक बंधुभगिनींशी बोलतो. शिफारसपत्रात आपण लिहितो, ‘विद्यार्थी होतकरू, कष्टाळू असून वर्तन चांगले आहे.’ हे वाक्य पन्नास पोरांना चालतं, म्हणून एकाच्याही कामाला येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९०७ साली मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण होते. पण कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्या मुलाला चर्नी रोडच्या बागेत रोज पुस्तक घेऊन बसलेलं डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढं महाविद्यालयाचा खर्च झेपेना, तेव्हा गुरुजीच त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी स्वतः प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपये सुरू केले. नंतर १९१३ साली बडोद्याचीच शिष्यवृत्ती त्यांना कोलंबियाला घेऊन गेली, आणि १९५० साली त्याच बाबासाहेबांनी आपल्या औरंगाबादेत महाविद्यालय उभं केलं. गुरुजींची शिफारस खरी ठरली ती त्यांनी पाहिलेलं सांगितलं म्हणून. तेव्हा पत्रात एक प्रसंग लिहा, तुमच्या डोळ्यांदेखत घडलेला. नसेल आठवत, तर सही करण्याआधी त्या लेकराला दहा मिनिटं समोर बसवा.

पालकांना एवढंच सांगतो. मुलाखतीला सोबत जा, पण उत्तर त्याला देऊ द्या. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. आधार, गुणपत्रिका आणि बँक पासबुक यांवरचं नाव अक्षर न् अक्षर एक आहे का ते बघा. गुणी पोरांचे अर्ज एका वेलांटीपायी अडकलेले मी पाहिलेत.

त्या मुलीनं मग निबंध लिहिला. पहिलंच वाक्य होतं, ‘माझ्याकडे आठ घरांची वही आहे.’ मुलाखतीला ती वही पिशवीत घेऊन गेली. आतल्या बाईंनी बघायला मागितली, पान उलटत तांबड्या गोलापाशी थांबल्या आणि विचारलं, ‘हे काय?’ पुढची वीस मिनिटं, ती सांगते, तीच बोलत होती.

आज ती पुण्यात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. वहीचे रकाने तिनं आता मोबाइलवर मांडलेत. टोळीत कोयते अकरा झालेत, आणि हंगामात पावत्यांचे फोटो अजून रात्री तिच्याचकडे येतात.

नमस्कार.