आरोपी सापडला नसला तरी

(दृश्य : बेळगावचं सिव्हिल हॉस्पिटल, अपघात विभागाबाहेरची गर्दी)

जीवघेणी मारहाण झालेल्या माणसाला इथं आणलं जातं, तेव्हा बरोबर आलेल्यांच्या तोंडी दोनच प्रश्न असतात. वाचेल ना? आणि खर्चाचं काय? हातावर पोट असलेल्या घरात कमावतं माणूस आडवं झालं की आठवड्यातच उसनवारी सुरू होते. मग कुणीतरी समजूत घालतं, "आधी आरोपी सापडू दे, केसचा निकाल लागू दे, मग पैशांचं बघू." हा सल्ला चुकीचा आहे. खानापूरपासून निपाणीपर्यंत तो इतका रुजलाय की सरकारकडून मिळणारी हक्काची भरपाई मागायला माणसं जातच नाहीत.

(दृश्य : न्यायालयाचं आवार, काळे कोट, झाडाखाली बसलेली खेड्यातली माणसं)

गुन्ह्यात बळी पडलेल्याला पुन्हा उभं करणं ही सरकारची जबाबदारी आहे. त्यासाठी भरपाई देण्याचं कलम २००९ च्या अखेरीस फौजदारी प्रक्रिया संहितेत लागू झालं, २०११ साली कर्नाटकानं आपली भरपाई योजना आणली. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. गुन्हेगार कोण ते कळलं नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडित व्यक्ती किंवा तिच्यावर अवलंबून असलेले घरचे लोक अर्ज करू शकतात. आरोपी निर्दोष सुटला तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं.

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे करायचा. चौकशी दोन महिन्यांत संपवण्याचं बंधन त्यांच्यावर आहे. उपचार थांबले असतील तर तातडीची मदत त्याआधीही मिळू शकते. त्यासाठी पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचा किंवा दंडाधिकाऱ्यांचा दाखला लागतो. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांवर तर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयानं मोफत उपचार करायलाच हवेत. "आधी डिपॉझिट भरा" असं त्यांना सांगणं कायद्याविरुद्ध आहे.

महिलांसाठी २०१८ साली ठरलेल्या राष्ट्रीय योजनेत बलात्कारासाठी ४ ते ७ लाख आणि मृत्यूसाठी ५ ते १० लाख रुपये धरले आहेत. गेलेलं यातून परत येत नाही. पण मुलीचं शिक्षण सुटू नये, घर सावकाराच्या दारात जाऊ नये, एवढं तर व्हावं!

(दृश्य : पोलीस ठाणे, कन्नड पाटी)

आता आपल्या भागातली खरी अडचण. फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते आणि सांगणारी बाई मराठी. ती न वाचता सही करते. तसं करू नका. लिहिलेली फिर्याद वाचून दाखवणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. समजेल अशा भाषेत सांगा म्हणावं, मगच सही करावी. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नये. पुढे भरपाईच्या अर्जात लिहिलेलं आणि फिर्यादीत लिहिलेलं जुळलं नाही, तर अर्ज तिथंच अडतो.

भरपाईचा अर्ज मात्र मराठीत देता येतो. संविधानाच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाणं मांडताना केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेली कोणतीही भाषा चालते. तरीही सोबत कन्नड प्रत जोडा, असंच आम्ही सांगू. हक्क मराठीचा आहेच, पण ज्याला लवकर पैसे हवेत त्यानं फाइल भाषेवरून अडू देऊ नये. खरं तर हे भाषांतर जखमी माणसाच्या गळ्यात पडायलाच नको.

(दृश्य : राष्ट्रीय महामार्ग, कोगनोळीजवळची सीमा)

निपाणीची कितीतरी पोरं कागलच्या एमआयडीसीत कामाला जातात. तिकडे हल्ला झाला तर फिर्याद कुठं द्यायची? कुठल्याही ठाण्यात. "आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकानं नोंद करून कागद पुढे पाठवणं पोलिसांचं काम. भरपाई मात्र गुन्हा जिथं घडला त्या राज्याच्या योजनेतून मागायची, म्हणजे कागलच्या बाबतीत महाराष्ट्राच्या. याच महामार्गावर धडक देऊन वाहन पळून गेलं, तर योजना वेगळी आहे: १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख, गंभीर जखमेसाठी ५० हजार. त्याची चौकशी तहसीलदार कार्यालयात करावी.

(दृश्य : वकिलासमोर बसलेल्या मायलेकी)

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये," असं घरोघरी ऐकवलं जातं. पण जिच्यावर वार झालाय तिनं ही पायरी हौसेनं निवडलेली नसते. आणि खर्चाची भीती असेल, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील दिलाय. मुलं, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांनाही; बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. मराठी बोलणारा वकील हवा, असं अर्जातच लिहा. बेळगावात त्यांची वानवा नाही. पहिली विचारपूस विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर फोनवरूनही होते.

खटला सरकारी वकील चालवतो. न्यायालयाची परवानगी घेऊन पीडितेचा वकील त्याला मदत करू शकतो. नव्वद दिवसांत तपास कुठवर आला हे पोलिसांनी तिला कळवायचं असतं. आरोपी सुटला किंवा न्यायालयानं आरोपीकडून देवविलेली भरपाई तुटपुंजी वाटली, तर अपील करण्याचा हक्क तिचा स्वतःचा आहे, आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापर्यंत गेलं तरी मोफत वकील मागता येतो.