तळमजल्याचा गाळा आणि महिन्याची यादी

नमस्कार, श्रोतेहो.

राष्ट्रीय महामार्ग ६५ आपल्या सोलापूरच्या दारावरून जातो. एका बाजूला पुणे, साधारण अडीचशे किलोमीटर. दुसऱ्या बाजूला हैदराबाद, तीनशेच्या थोडं पुढे. आयटी कंपन्या म्हणा, मेट्रो म्हणा, जमिनीचे भाव म्हणा, ही दोन शहरं कायम एकमेकांवर डोळा ठेवून असतात. आणि सोलापूरचं एक मूल पुण्यात हडपसर-खराडीला असतं, तर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात एखादी मावशी हैदराबादजवळ सिकंदराबादला असतेच. तिन्ही ठिकाणच्या स्वयंपाकघरांत डबे तेच आहेत: तूरडाळ, तांदूळ, साखर, शेंगदाणे. ते डबे भरणारं दुकान मात्र तिन्हीकडे वेगळं झालंय. असं का झालं हे बघायला दुकानदाराच्या वहीआधी बांधकामाचा मंजूर नकाशा उघडावा लागतो.

आधी पुणे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठचे वाडे गेले, आणि शहर पेठांबाहेर सरकायला आणखी जोर आला. नव्या वस्तीत सोसायटीची तीन-चार मजली इमारत उभी राहायची, रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर चार-सहा गाळे. एका गाळ्यात किराणा, शेजारी पिठाची गिरणी, पलीकडे औषधाचं दुकान. किराणा आणि गिरणी ही जोडी लक्षात ठेवा. गहू दुकानातून घ्यायचा, डबा तसाच गिरणीत ठेवायचा आणि परतताना साखर-चहापत्ती घ्यायची. गिरणी गेली की दुकानाचं रोजचं गिऱ्हाईकही निम्मं तुटतं, कारण गव्हाच्या जागी पिठाचं बंद पाकीट येतं, आणि पाकीट कुठूनही आणता येतं.

आता हैदराबाद. तिथं २००६ मध्ये सरकारने एफएसआयची, म्हणजे भूखंडाच्या मानाने किती बांधकाम करायचं याची, कमाल मर्यादाच काढून टाकली. इमारत किती उंच जाणार ते समोरचा रस्ता किती रुंद आणि भोवती किती जागा मोकळी सोडली यावर ठरायला लागलं. साहजिकच बिल्डर मोठे भूखंड आणि रुंद रस्ते शोधू लागले. २००७ मध्ये आसपासच्या बारा नगरपालिका आणि आठ ग्रामपंचायती जोडून बृहन् हैदराबाद महापालिका झाली, पुढे १५८ किलोमीटरचा बाह्य वळण रस्ता झाला, आणि गच्चीबावली, कोकापेटकडे तीस-चाळीस मजल्यांचे मनोरे आले. या मनोऱ्यांना एक कंपाउंड आणि एकच मोठं फाटक. बाराव्या मजल्यावरच्या घराला पाव किलो साखर हवी असेल तर लिफ्ट, पार्किंग, फाटक, मग मोठा रस्ता ओलांडून दुकान. जाऊन-येऊन वीस मिनिटं. मोबाइलवरच्या झटपट किराणा सेवा नेमकी ही वीस मिनिटं विकतात.

पुणेकरांनी यावर हसू नये. हिंजवडी, वाकड, खराडीला आज हेच चित्र आहे. मात्र हैदराबादचा एक गुण पुण्याने लवकर घ्यायला हवा होता, तो म्हणजे रैतू बाजार. जानेवारी १९९९ मध्ये, अखंड आंध्र असताना, ते सुरू झाले. जागा सरकारची, विकणारा ओळखपत्र असलेला शेतकरी, आणि रोजचा भाव फळ्यावर लिहिलेला. मेहदीपट्टणम, एर्रागड्डा, कुकटपल्ली अशा भरवस्तीत हे बाजार बसवले, म्हणून ते चालले. पुण्याकडे १८८६ ची देखणी मंडई आहे, पण ती जुन्या शहराच्या पोटात आहे. शहर वाढत गेलं, २०२१ मध्ये आणखी २३ गावं हद्दीत आली. नव्या भागांच्या वाट्याला मंडईची तशी जागा क्वचितच आली. भाजी रस्त्याच्या कडेला गेली, आणि भाजीबरोबर किराणा घेणारं गिऱ्हाईक मार्टकडे.

मार्टचं गणित साधं आहे. डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये मुंबईत पवईला निघालं. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, त्यामुळे दरवर्षी वाढणारं भाडं नाही. एका वस्तूचे पंचवीस ब्रँड ठेवायचे नाहीत, चार ठेवायचे आणि भरपूर ठेवायचे. पुरवठादाराला पैसे लवकर द्यायचे आणि त्या बदल्यात सूट घ्यायची. आपल्या पेठेतल्या दुकानदाराकडे तोच साबण कंपनी, डेपो, स्टॉकिस्ट अशा पायऱ्या उतरून येतो आणि छापील किमतीत त्याला साधारण आठ ते बारा टक्के सुटतात. मार्ट तेवढी सूट गिऱ्हाइकालाच देऊन मोकळं होतं. म्हणून साबण, पेस्ट, कपडे धुण्याची पावडर यांवर मार्टशी भाव लावत बसणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. लढायचं असेल तर डाळ, तांदूळ, रवा, शेंगदाणे, चटणीचं सामान यांवर लढावं. तिथं छापील किंमत नाही, तिथं प्रत कळावी लागते. मार्टच्या पिशवीतली तूरडाळ शिजते कशी हे पिशवी सांगत नाही, दुकानदार सांगू शकतो. अर्थात त्याला स्वतःला माहीत असेल तर.

पण सुट्या मालात पैसा कुठून गळतो ते कागद-पेन घेऊन मांडा. साखरेचं पोतं ५० किलोचं. समजा किलोमागे दोन रुपये सुटतात, म्हणजे पोत्यामागे शंभर. ते सगळं पोतं पाव-पाव किलोने विकलं तर २०० पुड्या. प्रत्येक पुडीला हात सैल सुटून तीन ग्रॅम जास्त गेले, तर ६०० ग्रॅम साखर फुकट, ४४ रुपये भावाने सव्वीस रुपये. पिशवी तीस पैशांची धरली तरी साठ रुपये. शंभरातले शहाऐंशी इथंच संपले. वीजबिल, हमाली, उंदीर अजून धरलेच नाहीत. तेच पोतं किलोच्या पुड्यांत विकलं तर घट दीडशे ग्रॅम, म्हणजे सात रुपयांच्या आत, आणि पिशव्या फक्त पन्नास. पाव किलो मागणाऱ्याला नाही म्हणू नये, पण त्याचा भाव किलोच्या भावाला चारने भागून काढू नये.

मग कुणी म्हणेल, दुपारी मोकळ्या वेळात पुड्या बांधून ठेवू. इथं सांभाळा. गिऱ्हाईक समोर उभं असताना तोलून दिलं तो सुटा माल. त्याच्या माघारी बांधून रॅकवर ठेवलं की वैधमापन म्हणजे वजन-मापाच्या कायद्याच्या दृष्टीने ते पॅकबंद झालं. त्यावर वस्तूचं नाव, निव्वळ वजन, एमआरपी, बांधल्याचा महिना-वर्ष आणि बांधणाऱ्याचा पत्ता हवा. १८ जुलै २०२२ पासून वजन करून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्य, डाळ, पिठावर ५ टक्के जीएसटी आला, तो प्रश्नही या लेबलापासूनच सुरू होतो. त्यानंतर बाजारात २६ किलोच्या तांदळाच्या गोण्या दिसू लागल्या, त्याचं कारण तुमच्या लक्षात आलं असेल. २५ ची सीमा ओलांडली की कर नाही! इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून शिक्का घ्यायचा असतो, आणि सुटं खाद्यतेल विकायला तर बंदीच आहे, हेही जाता जाता.

आता झटपट सेवेकडे. त्यांचं गोदाम साधारण दोन ते चार हजार चौरस फुटांचं, गिऱ्हाईक आत येत नाही, फक्त रॅक आणि माल उचलणारी मुलं. दहा-पंधरा मिनिटांत पोचायचं तर पल्ला दोन-अडीच किलोमीटरच. दोन किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे साडेबारा चौरस किलोमीटर. त्या वर्तुळात मनोरेच मनोरे असतील तर दिवसाला हजारोंनी ऑर्डर निघू शकतात. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडला तेवढ्याच वर्तुळात बैठी घरं, रो-हाउस, मोकळे प्लॉट. इथं दार रस्त्यालाच असल्यामुळे सामान पोचवणाऱ्या मुलाची लिफ्ट-फाटकाची पाच मिनिटं वाचतात, हे खरं. पण घरंच विरळ असल्याने ऑर्डरी कमी, आणि गोदामाचं भाडं, शीतपेट्यांची वीज काही कमी होत नाही. शिवाय आपली सवय. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात पिंपं भरून ठेवणं अंगवळणी पडलेलं असतं. किराणाही तसाच भरला जातो. पाडवा जवळ आला की मालदांडी ज्वारी भरायची. दिवसाला अर्धा किलो पीठ धरलं तर वर्षाला १८० किलो, म्हणजे दोन मोठी पिंपं. खराडीच्या दोन खोल्यांत ती ठेवणार कुठं? तिथं पाच किलोची पिशवीच येते, आणि पाच किलोसाठी कुणी भुसार बाजारात जात नाही.

ही सवय मात्र टिकेलच असं धरून चालू नका. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे बांधकामाचे सामायिक नियम, आली. ती पुण्याला लागते तशी सोलापूरलाही लागते, आणि रुंद रस्त्यावर जास्त मजले हे तिच्यातही आहे. विजापूर रोडला लिफ्टच्या इमारती उगाच वाढत नाहीयेत.

आणि सोलापूरचं स्वतःचं एक उदाहरण ना पुण्यात बसतं ना हैदराबादेत. कुंभारीचं रे नगर. विडी आणि यंत्रमाग कामगारांसाठी, असंघटित कष्टकऱ्यांसाठी ३० हजार घरांची वसाहत, त्यातली १५ हजार १९ जानेवारी २०२४ ला लोकांच्या ताब्यात दिली गेली. तिथल्या बऱ्याच घरांत पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही, आठवड्याच्या पगाराने येतो. म्हणजे महिन्याची यादी नाही, आठवड्याची. अशा वस्तीतल्या दुकानात पाच आणि दहा रुपयांच्या पुड्या, तेलाच्या छोट्या पिशव्या, पाव किलो डाळ हेच जास्त खपणार. उधारी आठवड्याच्या आत मिटली पाहिजे. पगाराच्या संध्याकाळी जुनं खातं मिटवूनच नवीन पान उघडायचं. दोन आठवडे थकले की माणूस पलीकडच्या दुकानात जाऊ लागतो, आणि मग उधारीही गेली आणि गिऱ्हाईकही गेलं. वहीत आकड्याबरोबर वस्तूही लिहा. नुसता आकडा भांडण लावतो.

फोनवर यादी घेणाऱ्यांचं काय चुकतं तेही सांगतो. यादीत लिहिलेलं असतं ‘तेल १’. शेंगदाण्याचं की सोयाबीनचं, लिटर की किलो, पिशवी की डबा? तेलाच्या लिटरच्या पिशवीवर वजन बघा, साधारण ९१० ग्रॅम असतं. किलोची अपेक्षा असलेलं गिऱ्हाईक फसल्यासारखं बोलतं. म्हणून सामान बांधायच्या आधी भावासकट यादी उलट पाठवा आणि ‘ठीक’ असं उत्तर आलं की मगच हात घाला. पोचवायच्या वेळा दोनच ठेवा, अकरा ते एक आणि पाच ते सात. अर्ध्या किलोमीटरच्या पुढे जाऊ नका. सायकलवरचा मुलगा अर्ध्या किलोमीटरात जितकं स्वस्त पोचवतो तितकं कुठल्याही ॲपला जमत नाही.

घरच्या मंडळींसाठी एक. पाकिटावर आता एमआरपीजवळ दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भावही छापलेला असतो. अक्षर बारीक, पण तेच वाचा. ‘मोठा पॅक स्वस्त’ हे दरवेळी खरं नसतं. आणि उन्हाळ्यात रवा, बेसन, शेंगदाण्याचा कूट पंधरा दिवसांपुरताच आणा. बेचाळीस अंशात बेसन खवट होतं, आणि रव्यात किडे होऊन तो जाळीला येतो.

शेवटी, नव्या भागात गाळा घेणाऱ्यांसाठी. मंजूर नकाशात तो गाळा ‘दुकान’ म्हणूनच दाखवलाय का पाहा. पार्किंगच्या जागेत शटर लावून विकलेला गाळा नंतर अंगाशी येतो. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, मागा. शटर रस्त्याकडे उघडायला हवं, कंपाउंडच्या आत तोंड असलेलं दुकान फक्त त्या सोसायटीवर जगतं. समोर टेम्पो उभा राहील एवढी जागा हवी, नाहीतर पन्नास किलोचं पोतं लांबून आणायची हमाली जन्मभर भरावी लागेल. जोत्याची उंची रस्त्यापासून किमान दीड फूट हवी, कारण डांबरावर डांबर किंवा काँक्रीटचा थर पडत रस्ता वर येतो आणि जोतं तिथंच राहतं. पोती जमिनीला टेकवायची नाहीत, खाली सहा इंचांच्या लाकडी फळ्या आणि भिंतीपासून हातभर अंतर. आणि विसार देण्याआधी एखाद्या संध्याकाळी साडेसहा ते आठ त्या शटरसमोर उभे राहा. गाड्या मोजू नका, पायी जाणारी माणसं मोजा, त्यातही हातात पिशवी असलेली वेगळी मोजा. मग जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर, आणखी एकदा त्याच जागी जाऊन या.

नमस्कार.