टॉवर आहे, रेंज नाही
(निवेदन)

सकाळचे साडेसहा. तोरण्याच्या मागल्या अंगाचं हे गाव. ही पायवाट शेताकडं जात नाही, पाणवठ्याकडंही नाही. ती चढते या कातळावर. गावात सगळे याला ‘रेंजचा दगड’ म्हणतात. या कडेला उभं राहिलं की फोनवर दोन काड्या दिसतात. एक पाऊल मागं आलात की गेल्या.

मावशींनी फोन दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणलाय, वर रबर लावलंय. दव लागू नये म्हणून. मुलगा चाकणला कंपनीत आहे. त्याची पाळी सुटायची वेळ त्यांना पाठ आहे.

(टॉवर, खालून वर)

गावाला टॉवर नाही असं नाही. हा शाळेमागं उभा आहे. टॉवर एका कंपनीचा, वरच्या अँटेना मोबाइल कंपनीच्या, वीज महावितरणची, आणि जनरेटरला डिझेल पोचवणारा ठेकेदार आणखी वेगळा. पावसाळ्यात झाड पडून लाइन गेली की आधी बॅटऱ्या तग धरतात, मग जनरेटर चालू व्हायला हवा. हे पाहा त्याचं कुलूप. गंजलंय. डिझेलच्या टाकीच्या झाकणावर कोळ्यानं जाळं विणलंय. चौघांपैकी नेमकं कोण अडलंय, हे गावाला आजवर कुणी सांगितलेलं नाही. गावाचं मागणं तेवढंच आहे: काय बिघडलंय आणि कधी चालू होणार, ते सांगा.

(दगडावर, फोन स्पीकरवर)

१९८, मोबाइल कंपनीचा तक्रारीचा नंबर. गावातल्या भाऊंनी लावलेला हा कॉल आम्ही मध्ये न कापता ठेवलाय. आधी नव्या प्लॅनची जाहिरात. मग भाषा निवडा. मग पुन्हा जाहिरात. शेवटी एक मुलगी बोलते, अगदी नम्रपणे, आणि विचारते, “सर, आपण घरातल्या मोकळ्या जागेत येऊन बघितलं का?” भाऊ डोंगरावर उभे आहेत. तिचा दोष नाही, तिच्यासमोरच्या पडद्यावर तेवढंच लिहिलेलं असणार.

तक्रारीचा क्रमांक एसएमएसनं येतो. म्हणजे तो बघायलाही इथंच चढायचं. आणि हा त्यानंतरचा मेसेज, जवळून बघा: ‘आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे.’ खाली गावात टॉवर तसाच बंद.

कंपनी बदला, असं शहरातले पाहुणे सहज सांगतात. २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. १९०० ला मेसेज करायचा, कोड येतो, दुकानात जायचं. पण या टॉवरवर अँटेना एकाच कंपनीच्या आहेत. बदलून जायचं कुठं?

कंपनीतच अपील करता येतं, त्याला ३९ दिवसांची मुदत आहे. ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरची नियामक संस्था, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. ट्रायच्या २०२४ च्या नियमांत भरपाई आली: सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेडला भाड्यात सूट, प्रीपेडला वाढीव व्हॅलिडिटी. पण मोजमाप जिल्ह्याच्या पातळीवर आहे. एका वाडीचा एक टॉवर त्यात धरला जात नाही. ग्राहक आयोगाचं दार मात्र उघडं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मोबाइल कंपनीविरुद्धची तक्रार तिथं चालते. भाऊंनी त्यासाठी रिचार्जच्या पावत्या जपून ठेवल्यात, या पत्र्याच्या डब्यात.

रेशनचं अंगठ्याचं मशीन, पोरांचे फॉर्म, रात्री-अपरात्री १०८ ला लावायचा फोन, सगळं या दगडाशी येऊन अडलंय.

(संध्याकाळ, दगड)

मावशी पुन्हा वर आल्यात. फोन वाजला. मुलगा नाही. कंपनीचा मेसेज आहे, रिचार्ज तीन दिवसांत संपतोय म्हणून. त्या तो वाचतात, आणि फोन हातात धरून कडेलाच उभ्या राहतात.