वरवंटा कुठं गेला

नमस्कार मंडळी. मे महिना आला की आपल्या सोलापुरात गल्लोगल्ली कुणाचं ना कुणाचं सामान टेम्पोत चढत असतं, म्हणून म्हटलं आज घर हलवण्यावरच बोलू.

माझी भाची अमेरिकेत डॅलसला असते. मागं तिनं घर बदललं तेव्हा फोटो पाठवला, दारासमोर नुसता एक मोठा डबा, ना ड्रायव्हर ना हमाल. मी विचारलं, ट्रक बंद पडला का गं? तर म्हणे मामा, इकडं असंच असतंय. पॉड्स नावाची कंपनी 1998 ला फ्लोरिडात निघाली, तशा आता बऱ्याच आहेत, त्या 8 पासून 16 फुटांपर्यंतचा कंटेनर दारात आणून ठेवतात आणि निघून जातात. मग तुम्ही तुमच्या सवडीनं भरा, आज किचन, उद्या कपडे, कुलूप आपलं, किल्ली आपल्याकडं. भरून झालं की फोन करायचा, ते डबा उचलून नव्या गावी नेतात, आणि तिथलं घर तयार नसलं तर त्यांच्याच गोडाऊनमध्ये ठेवतात, महिन्याचं भाडं घेऊन.

हे गोडाऊनचं ऐकलं आणि मी कपाळावर हात मारला. कारण आमचं काय झालं सांगतो, साखर पेठेतलं घर विकलं, पुण्याच्या फ्लॅटचा ताबा दोन महिने लांबला, आणि आपल्याकडं कंटेनर म्हणजे बंद बॉडीचा ट्रक, तो काय गल्लीत शिरत नाही, अशोक चौकातच थांबला. मग घरातून छोट्या हत्तीत, हत्तीतून ट्रकात, ट्रकातून एका ओळखीच्या गोडाऊनला, तिथून परत ट्रकात आणि शेवटी लिफ्टनं सहाव्या मजल्यावर. मोजा तुम्ही किती वेळा उचललं ते, आणि हमाली प्रत्येक वेळी. त्या डब्यात एकदा भरलं की एकदाच उतरवायचं, खरा फायदा तो आहे, पैसे वाचतात म्हणून कुणी सांगितलं तर मी तरी लगेच मान डोलावणार नाही.

पण भरायचं काम आपल्यावर येतं हेही आहे. कपाट, वॉशिंग मशीनसारखं जड सामान खाली आणि दोन्ही बाजूंना वजन सारखं, मध्ये मध्ये पट्ट्यानं आवळायचं, पोकळी ठेवली की ब्रेकला सगळं सरकतंय. भाचीनं पुस्तकांची सगळी खोकी एकाच बाजूला लावली होती, सगळं उतरवून परत भरलं बिचारीनं. इन्शुरन्सचंही नीट विचारा, स्वतः पॅक केलेल्या खोक्यात आत काही फुटलं तर बऱ्याचदा भरपाई मिळत नाही. आणि पत्र्याचा डबा आपल्या उन्हात ठेवला, बाहेर 43 तर आत काय होईल, मेणबत्त्या, औषधं, लोणच्याच्या बरण्या त्यात नकोतच. गॅसची टाकी तर कुठल्याच गाडीत नाही, ती एजन्सीत जमा करून डिपॉझिट घ्यायचं, नव्या गावी परत कनेक्शन.

अजून एक, इकडं कुणी ई-वे बिलाच्या, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाच्या नावाखाली जादा पैसे मागितले तर सांगा, घरच्या वापरलेल्या सामानाला ते लागत नाही.

पॅकिंगला मात्र आपल्याइतकं श्रीमंत कुणी नाही बघा. तिकडं ब्लँकेटं भाड्यानं घेतात म्हणे, आमच्याकडं जुन्या चादरी अकरा निघाल्या, सोलापुरी चादर ती, टीव्हीला दोन, आरशाला एक, आईच्या पाट्याला दुहेरी घडी घालून सुतळीनं बांधलं. पाट्याला एक ओरखडासुद्धा आला नाही. वरवंटा तेवढा अजून सापडायचाय.