पेशींचं खाणं (आहार आणि प्रतिकारशक्ती) : निवेदन, व्हॉइसओव्हरसाठी

(मायक्रोस्कोपखालचा शॉट. सुरुवातीचे काही सेकंद निवेदन नाही, चित्र चालू द्या.)

हे गोल गोल, एकमेकांना खेटून पडलेलं दिसतंय ना, त्या लाल पेशी. त्यांच्याकडे आत्ता बघू नका. त्यांच्यामधून अंग चोरत, सारखा आकार बदलत जी एक वेडीवाकडी पेशी वाट काढतेय तिच्याकडे बघा. ही न्यूट्रोफिल. मोठ्या माणसाच्या रक्तात जेवढ्या पांढऱ्या पेशी असतात त्यातल्या साधारण निम्म्याहून जास्त ह्याच. आणि तिच्या पुढे ते बारीक ठिपके सरकतायत ते बॅक्टेरिया. शॉटचा वेग आम्ही वाढवलाय, प्रत्यक्षात हे बरंच संथ चालतं, पण पाठलाग खराच आहे. तिला डोळे नाहीत, कान नाहीत, बॅक्टेरियाकडून सुटणाऱ्या रसायनांचा माग काढत ती वळते, ठिपका डावीकडे गेला की ही डावीकडे, मध्ये लाल पेशी आली की तिला ढकलून पुढे... आणि गिळला.

(ग्राफिक : पेशीच्या आतली पिशवी)

गिळल्यानंतरचं कॅमेऱ्यात दिसत नाही म्हणून हे ग्राफिक. बॅक्टेरिया आत एका पिशवीत कोंडला जातो, मग ही पेशी भराभर ऑक्सिजन ओढून घेते आणि त्यापासून एकामागोमाग एक जहाल रसायनं बनवते, सुपरऑक्साइड, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि शेवटी हायपोक्लोरस ॲसिड, म्हणजे ब्लीचमध्ये जंतू मारायचं काम जे करतं तेच. आता एवढं सगळं आपल्याच पोटात तयार करायचं म्हटल्यावर पेशी स्वतःही भाजणारच की! म्हणून ती आधीच व्हिटॅमिन सी भरून ठेवते, रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट. बहुतेक प्राणी हे व्हिटॅमिन स्वतःच्या शरीरात बनवतात. माणूस आणि गिनीपिग ह्यांना ते जमत नाही, त्यासाठी लागणारं जीन आपल्यात आहे पण मोडलेल्या अवस्थेत, त्यामुळे सी बाहेरूनच घ्यावं लागतं, रोजच्या रोज.

(क्लोजअप : पाण्यात विरघळणारी गोळी)

हा शॉट एडिटमध्ये कापवेना, त्यामुळे जरा लांबलाय. १,००० मिलिग्रॅमची गोळी, बुडबुडे, केशरी रंग, सगळं मस्त दिसतं. पण १९९६ साली निरोगी तरुणांवर एक अभ्यास छापून आला, त्यात रोज साधारण १०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी मिळालं की ह्या पांढऱ्या पेशी भरून जातात असं दिसलं. भरल्या की भरल्या. वर कितीही ओता, आतडं कमी शोषतं आणि जे शोषलं जातं त्यातलं बरंचसं किडनी लघवीतून बाहेर टाकते. मोठ्या डोसची हवा झाली ती लायनस पॉलिंग ह्यांच्यामुळे, दोन नोबेल नावावर असलेला माणूस, १९७० साली त्यांनी सर्दी आणि व्हिटॅमिन सीवर पुस्तक लिहिलं आणि जग गोळ्या घ्यायला लागलं. नंतरच्या कित्येक चाचण्यांचा हिशोब असा की रोज गोळी घेणाऱ्या सर्वसाधारण माणसालाही सर्दी तेवढ्याच वेळा होते, फक्त ती जरा लवकर आटोपते, मोठ्यांमध्ये सुमारे ८ टक्के. मॅरेथॉन पळणारे, कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक अशांना मात्र चांगला फायदा दिसला, त्यांच्यात सर्दीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. सर्दी झाल्यावर गोळी सुरू केली तर ठाम असा फरक नाही.

(स्लाइड : लहान मुलाची थायमस ग्रंथी)

आता ही जांभळी स्लाइड. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वर एक ग्रंथी असते, थायमस. कडेचा गडद भाग बघा, किती गच्च भरलाय. तो प्रत्येक ठिपका म्हणजे एक शिकाऊ टी-सेल, पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. आपल्या पेशींवरच्या ओळखखुणा वाचता येतात का आणि आपल्याच शरीरावर तर उठत नाही ना, ह्या दोन परीक्षा इथं होतात, आणि निकाल इतका कडक की बहुतेक नापास होऊन इथंच मरतात. आता शेजारची स्लाइड, कुपोषित मुलाची. तोच अवयव, तेवढाच झूम. गडद भाग जवळजवळ गेलाय. थायमस वयाप्रमाणे आक्रसतेच, पण उपाशी शरीरात ती बालपणातच विरघळायला लागते, आणि ह्यात प्रोटीनइतकाच झिंकचा हात आहे, कारण थायमसमधून सुटणारं थायम्युलिन नावाचं हार्मोन झिंक चिकटल्याशिवाय कामच करत नाही.

झिंकची गोष्ट सांगायलाच हवी. १९५८ साल, इराणमधलं शिराज शहर. डॉ. आनंद प्रसाद ह्यांच्यासमोर एक पेशंट येतो, वय २१, दिसायला १० वर्षांचा मुलगा. उंची खुंटलेली, वयात आलेलाच नाही, रक्त प्रचंड कमी, आणि माती खातो. आहार जवळपास फक्त गव्हाच्या रोटीचा, आणि गव्हाच्या कोंड्यातलं फायटेट झिंकला धरून ठेवतं, शोषू देत नाही. एकट्या लोहाच्या कमतरतेने वाढ अशी थांबत नाही हे त्यांना खटकलं, मग इजिप्तमध्ये तसेच पेशंट घेऊन तपासण्या केल्या, झिंक देऊन बघितलं, उंची वाढायला लागली, मुलं वयात आली. तरीही माणसाला झिंक लागतं हे मानायला बाकीचे तयार नव्हते, अमेरिकेत रोजच्या आहाराच्या शिफारशीत ते आलं १९७४ साली. आणि ह्या खुंटलेल्या मुलांपैकी बरेच पंचविशीच्या आत इन्फेक्शननेच जायचे.

आज जागतिक आरोग्य संघटना मुलांच्या जुलाबात ओआरएसबरोबर झिंक द्यायला सांगते, १० ते १४ दिवस. मुदत ठरलेली आहे हे लक्षात घ्या. कारण महिनोन्‌महिने मोठ्या डोसचं झिंक घेत राहिलं की आतड्याच्या पेशी एक प्रोटीन जास्त बनवायला लागतात, ते प्रोटीन तांब्याला पकडून ठेवतं, शरीरातलं तांबं कमी होतं, आणि तांबं कमी झालं की न्यूट्रोफिलची संख्या घसरते. हो, पहिल्या शॉटमधल्याच त्या. प्रतिकारशक्तीसाठी म्हणून घेतलेल्या गोळीने!

(बी-६, बी-१२, फोलेट हेही पेशींना विभागायला लागतात, पण त्यांचं धड एकही दृश्य हाताशी नाही. इथं फक्त नावं घेऊन पुढे.)

(लॅबमधले उंदीर, मग जमिनीचे शॉट्स)

आता सेलेनियम. चीनच्या ईशान्येला केशान नावाचा परगणा आहे, तिथं १९३५ साली हृदयाचा एक विचित्र आजार नोंदला गेला, नाव पडलं केशान रोग. ह्या मातीत सेलेनियमच कमी, म्हणून पिकात कमी, म्हणून माणसात कमी. पण नुसत्या कमतरतेने सगळा उलगडा होत नव्हता, आजार ऋतूप्रमाणे कमी-जास्त व्हायचा, म्हणजे आणखी काहीतरी असणार, आणि पेशंटमध्ये कॉक्सॅकी व्हायरस सापडला. मग १९९० च्या दशकात अमेरिकेत मेलिंडा बेक आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केला. ह्याच व्हायरसचा एक निरुपद्रवी प्रकार घेतला, चांगलं खाणाऱ्या उंदरांना दिला, काही झालं नाही. सेलेनियम न मिळालेल्या उंदरांना दिला, त्यांची हृदयं खराब झाली. इथपर्यंत ठीक आहे, अपेक्षितच. पुढचं ऐका. आजारी उंदरांमधून तो व्हायरस परत काढला आणि चांगलं खाणाऱ्या उंदरांना दिला, तर आता तेही आजारी पडले. जनुकं वाचली तेव्हा कळलं की व्हायरसच बदललाय. कुपोषित शरीरात राहून तो घातक होऊन बाहेर पडला होता, आणि मग धडधाकट शरीरालाही सोडत नव्हता. उंदरांत दिसलं म्हणून माणसात तसंच होतं असं म्हणता येत नाही. पण कुणाचं तरी कुपोषण हा फक्त त्याचा प्रश्न, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा शॉट दोन सेकंद जास्त ठेवलाय.

(पेट्री डिश, टाइमलॅप्स)

लोहाचं प्रकरण उलटं. ही डिश बघा, डाव्या अर्ध्या भागात लोह घातलंय, उजव्यात नाही. डावीकडे बॅक्टेरियाचं रान माजलंय. त्यांनाही लोह लागतं, आपल्याला लागतं तसंच, त्यामुळे इन्फेक्शन झालं की लिव्हर हेपसिडिन नावाचं हार्मोन सोडतं आणि रक्तातलं लोह पेशींमध्ये लपवलं जातं. ॲनिमिया असेल तर लोह द्यायलाच हवं, पण टेस्ट न करता सरसकट देण्यात धोका असतो, झांझिबारच्या पेम्बा बेटावर, जिथं मलेरिया भरपूर होता, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोह आणि फॉलिक ॲसिड मिळालेल्या लहान मुलांमध्ये हॉस्पिटलात भरती आणि मृत्यू वाढलेले दिसले.

(खिडकीतून येणारं ऊन)

व्हिटॅमिन डी थोडक्यात. ज्या यूव्हीबी किरणांनी त्वचेत ते बनतं ते काचेतून जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे हा सुंदर शॉट डीच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. मॅक्रोफेज नावाच्या पेशी डीच्या मदतीने कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक बनवतात, टीबीच्या जंतूवरही ते चालतं.

(लहान मुलाच्या तोंडात थेंब)

आणि हे व्हिटॅमिन ए. डोळ्यांसाठी म्हणून सगळ्यांना माहीत. इंडोनेशियात अल्फ्रेड सोमर हे डोळ्यांचे डॉक्टर रातांधळेपणाचा अभ्यास करत होते, आकडे पुन्हा चाळताना त्यांना दिसलं की ज्या मुलांना रातांधळेपणा आहे ती मरतायतही जास्त, गोवर आणि जुलाबासारख्या आजारांनी. ए नसेल तर श्वासनलिका आणि आतड्याचं ओलसर अस्तर कोरडं, जाड होतं, चिकट पदार्थ बनवणाऱ्या पेशी कमी होतात आणि जंतूंना दार उघडं मिळतं. १९८६ साली आचे प्रांतातल्या चाचणीत वर्षातून दोन कॅप्सूलवर बालमृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी घटले, नंतरच्या अभ्यासांत हा आकडा बराच खाली-वर झाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत डोस असा आहे : ६ ते ११ महिन्यांना १ लाख युनिट एकदा, १ ते ५ वर्षांना २ लाख, दर चार ते सहा महिन्यांनी. एवढ्या अंतराने चालतं कारण लिव्हर ए साठवून ठेवतं, आणि ते साठतं म्हणूनच मनाने घेतलेलं जास्तीचं ए अंगाशी येतं, गरोदरपणात तर गर्भात दोष निर्माण होऊ शकतात, त्यामुळे हे थेंब वय बघून, तारीख बघून, आणि जिथं कमतरता आहे तिथंच दिले जातात.